मडगार्डाच्या आतलं कुंकू

माझ्या धाकट्या दिराला चाकांचं वेड लागलं तेव्हा आमच्या घरात आधीच एक दुखणं मुक्कामाला होतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! गाडी म्हणाल तर सेकंडहँड, एवढीशी. चारकोपच्या आमच्या गल्लीत तिला कुणी मान वळवून बघत नसे, आणि तेच ह्या बहाद्दराला सहन होईना. तिची कंपनीची साधी काळी चाकं काढून त्याने मोठी, रुंद, चकचकीत अलॉय बसवून आणली. टायर इतके पातळ की कुणीतरी लोखंडावर वरवर रबर फासलंय असं वाटावं. चाकं मडगार्डाच्या बाहेर डोकावत होती.

"वहिनी, झकास दिसते ना?" मोबाइलवर तिचे फोटो काढत त्याने मला विचारलं.

"दिसते," मी म्हटलं. "म्हशीला हाय हिल घातल्यात असं वाटतं."

तो हसला. माझं बोलणं त्याला कौतुक वाटायचं, काय करणार! डिकीत त्याने भलामोठा वूफर बसवला होता, तो वाजला की आमच्या तळमजल्यावरच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. जुनी चाकं मागच्या गॅलरीत एकावर एक रचून ठेवली. सासूबाईंनी त्यांच्यावर तुळशीची कुंडी ठेवायला लावली आणि म्हणाल्या, "बरा झाला गो, तुळशीक ऊन गावतला."

घरातलं दुखणं सासूबाईंचंच. त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. एक दिवसाआड सकाळी त्यांना डायलिसिसला बोरिवलीच्या एका सेंटरवर न्यावं लागे. लघवी जवळपास बंद, त्यामुळे दिवसभरात मोजकंच पाणी. चहासुद्धा अर्धा कप, आणि तो पाण्यात धरायचा. सेंटरवर पोहोचायला उशीर झाला की मशीनवरचा त्यांचा वेळ कापला जायचा, कारण मागे दुसरा पेशंट थांबलेला असायचा. वेळ कापला की पाणी अंगातच राहायचं, रात्री पाय सुजायचे, धाप लागायची. म्हणजे वेळेवर पोहोचणं ही आमच्याकडे सोयीची गोष्ट नव्हती, ते त्यांचं औषधच होतं.

रिक्षाच्या हादऱ्यांनी त्यांना उलट्या होत, म्हणून गाडी. शिवाय धाकट्याच्या गाडीतून जाण्याची त्यांना हौस. समोरच्या बाईंना न चुकता सांगायच्या, "माजो झील माका गाडयेन व्हरता."

डिकीत वूफर, त्यामुळे घडी केलेली व्हीलचेअर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. मागे आम्ही तिघं. डाव्या दाराशी सासूबाई, मधे मी, उजवीकडे आमचे हे. ह्यांचा देह म्हणजे एका सीटमध्ये मावणारा ऐवज नव्हे. हे सेंटरपर्यंत यायचे, आईला आत बसवायचे आणि तिथून परस्पर कामाला जायचे. येताना मागे आम्ही दोघीच.

आणि टायर फुटू लागला. नेहमी मागचा डावा, नेहमी जातानाच. पहिल्यांदा लिंक रोडवर फुटला तेव्हा दीर खाली उतरून खड्ड्याला शिव्या देत बसला. खड्डे होतेच, नाही कशाला म्हणू? पण त्याच खड्ड्यांतून बाकीचं अख्खं कांदिवली रोज जात होतं, त्यांचे टायर शाबूत होते. नाचता येईना अंगण वाकडं! मी सासूबाईंना तशीच रिक्षात घातली, त्या वाटभर पिशवीत ओकत राहिल्या, आणि मशीन तासाभराने लवकर सुटली.

दुसऱ्यांदा फुटला तेव्हा हवा वाईट ठरली. मग नायट्रोजन भरून आणला. आमचे हे ऑफिसात सुटाबुटात हिंडणारे, पण धाकट्यासमोर तोंडात मूग. "नायट्रोजन चांगला असतो म्हणे," एवढं बोलून मोकळे. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याने गाडी दोनदा तपासली. तो रस्त्यावर गाडीपाशी आला की आम्ही सगळे अदबीने खाली उतरायचो, सासूबाईंना आधी उतरवून. मग तो गाडी जॅकवर चढवायचा, हवेत लटकलेलं चाक गरगर फिरवायचा आणि म्हणायचा, "काय प्रॉब्लेम नाय." रिकामी गाडी, हवेतलं चाक, कसला डोंबलाचा प्रॉब्लेम दिसणार? पण तेव्हा माझ्याही डोक्यात ते आलं नाही.

तिसऱ्यांदा फुटल्यावर नजर लागली असं ठरलं. समोरच्या बाईंची. ज्या बाईला कंपनीचं चाक कुठलं नि अलॉय कुठलं हे कळत नाही, तिने म्हणे चाकांना नजर लावली.

ह्या काळात सासूबाई खंगत चालल्या होत्या. मशीनवर असताना त्यांचं बीपी खाली जायचं, पोटऱ्यांत गोळे येऊन त्या कळवळायच्या. घरी चहा पुढे केला की म्हणायच्या, "माका नको गो." मला वाटायचं, तोंडाची चव गेली असेल. आणि टायरचं एकदा मला हळूच म्हणाल्या, "जातानाच फुटता बघ. जाताना माज्या आंगात पाणी आसता. त्याचाच वजान पडता." मी हसले. "दोन लिटर पाण्याने कुठे टायर फुटतो, आई?" म्हटलं आणि भाजी चिरायला लागले.

नवा टायर बसवल्यावर पूजा करायचीच, असा सासूबाईंचा हट्ट. दसऱ्याला गाडीची करतात तशी. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून व्हीलचेअर मागच्या डाव्या चाकापाशी लावली. त्यांनी ओलं कुंकू कालवलं आणि हात पोहोचेल तिथे, टायरच्या वरच्या कडेला, चांगलं जाडसर फासलं. दिराने टायरखाली लिंबू ठेवलं, गाडी पुढे घेतली, लिंबू चिरडलं. मी मनात म्हटलं, वाट लागली ह्या घराच्या अकलेची.

पूजा झाली म्हणून त्या दिवशी वूफर बंद होता. देवाचा मान! आम्ही तिघं मागे बसलो, आणि सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या स्पीड ब्रेकरवरून गाडी उतरताना माझ्या कानावर आलं, खर्र. बोरिवली येईपर्यंत दर ब्रेकरला, दर खड्ड्याला तेच, खर्र. एवढे दिवस हा आवाज गाण्यांखाली दबला होता.

सेंटरच्या दारात सासूबाईंना खुर्चीत बसवायला वाकले, तर टायरवरच्या कुंकवातून एक सरळ ओरखडा गेलेला. मी मडगार्डाच्या कडेला आतून बोट फिरवलं. बोट लाल! पत्र्याची ती दुमडलेली कड सुरीला लाजवेल अशी होती.

"तुम्ही परत बसा आत," मी ह्यांना म्हटलं. हे "आता काय?" म्हणत बसले. शेजारी मी बसले. "भाऊजी, आता वाका आणि बघा तुमचं झकास."

तो वाकला. गाडी खाली दबली होती, बाहेर आलेलं चाक मडगार्डाच्या कडेला जवळजवळ चिकटलं होतं. एक हादरा बसायची खोटी, की कड टायरला चिरणार. खड्डे सगळे रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणून डावाच. रोज थोडी थोडी चिरत होती, आणि एके दिवशी फट्! येताना हे नसायचे, गाडी उचललेली असायची, म्हणून येताना काही होत नव्हतं. कसली नजर आणि कसला नायट्रोजन!

मला वाटलं होतं, तो चकित होईल. झाला नाही. मान खाली घालून म्हणाला, "तो दुकानवाला बोलला होता. मागे जास्त लोक बसवू नका म्हणून."

"काय?"

"चाकं बसवली तेव्हाच. पण जास्त लोक म्हणजे मला वाटलं... आपण कुठे जास्त आहोत?"

ह्या माणसाला ठाऊक होतं. आई रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसून श्वास मोजत होती, तिची मशीन सुटत होती, तिचे पाय सुजत होते, आणि ह्याने खड्ड्याला शिव्या दिल्या, समोरच्या बाईला चेटकीण ठरवलं. का, तर चाकं काढावी लागतील. "तुमची आई जास्त होती का, भाऊजी?" मी विचारलं. थुंकावंसं वाटलं मला.

सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माज्या पाण्यान नाय?"

तेव्हा मला कळलं नाही. आत सिस्टरने त्यांना काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि माझ्याकडे वळली. "परत वजन कमी. ह्या काही खातपीत नाहीत का घरी? अंगात पाणी नसताना मशीनने ओढलं की बीपी पडणारच ना."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खुर्चीत पदराशी चाळा करत होत्या. "पाणी पियाक नाय गो मी," त्या म्हणाल्या. "जेवणय निम्म्यार आणलंय. माजा वजान कमी झाला तर झिलाची चाकां ऱ्हवतली म्हणान." दीर दारात उभा होता, त्याने ते ऐकलं.

घरी आल्यावर तो थेट गॅलरीत गेला, तुळशीची कुंडी उचलून खाली ठेवली आणि जुनी चाकं एकेक करून बाहेर नेली. दुपारभर अंगणात त्याची खटपट चालली होती. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही. संध्याकाळी अलॉय गॅलरीत आली. मी तुळस उचलून त्यांच्यावर ठेवली.

मग मी चहा केला, अर्धा कप, आणि सासूबाईंच्या हातात दिला. काळे झालेले हात घेऊन दीर दाराशी बसला होता. त्यांनी कप ओठांपर्यंत नेला, थांबल्या, आणि आधी त्याच्याकडे बघितलं.

"पियू मा रे?" त्यांनी विचारलं. "आता चलात मा?"