काचघराची किल्ली

त्या जानेवारीत थंडीने त्याची पानवेल गेली, असे उम्म अल कुवैनची मराठी मंडळी अजून सांगतात. मला हे कदापि मान्य नाही. मी त्याचा भिंतीपलीकडचा शेजारी होतो.

हा कंत्राटदार गृहस्थ वाक्याची सुरुवात ‘सिस्टीम’ने करी आणि शेवट ‘खलास’ने. विलायती पुस्तकात हिमापासून रोपे वाचवण्याचे प्रकरण वाचून त्याने वाळवंटातल्या परसात काचघर बांधले आणि आत हीटर बसवला. बायकोने रत्नागिरीहून ओल्या फडक्यात आणलेली पानवेल त्यात गेली. किल्ली त्याच्या खिशात.

एका गारठलेल्या सकाळी हीटर पूर्ण चढवून, कुलूप लावून तो अबुधाबीला निघाला.

“अहो, किल्ली ठेवून जा. ऊन चढलं की दार उघडायला हवं.”

“सिस्टीम चालू आहे. तू हात लावायचा नाही. खलास.”

दुपारी ती काचेला कपाळ टेकून उभी होती. आत वेल शिजत होती. मी पहार आणली.

“नको काका, ते रागावतील.”

संध्याकाळी काळी पडलेली पाने बोटांनी चुरत तो मला म्हणाला, “थंडी फार पडली, काका. हीटर कमी पडला.”

दुसऱ्याच दिवशी त्याने आणखी मोठा हीटर आणला, आणि रिकाम्या काचघराला नेमाने कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.