थडग्यावरचं इमान

अटलांटाच्या दक्षिणेला, मेकन गावात, काळ्या मुलांच्या शाळेत व्हर्लीन टिब्स यांनी एकतीस वर्षं लॅटिन शिकवलं. डॉक्टरेट नव्हती, पण दर उन्हाळ्यात ग्रंथालयात ठाण मांडून त्या रोमन गुलामांच्या थडग्यांवरचे लेख वाचत. ही मेलेली भाषा कशाला घोकायची, असं चर्चमधल्या बायका विचारायच्या. मेलेल्यांच्या तोंडी भलतेच लोक शब्द घालतात म्हणून, असं बाईंचं उत्तर असे.

१९७४ साली अटलांटाच्या परिषदेत प्राध्यापक हॅलवर्सन यांनी अशाच एका थडग्यावर निबंध वाचला. 'इमानी दासी, कधी उलट बोलली नाही,' असं त्यावर कोरलेलं. मालक-गुलामांत जिव्हाळाही असे, त्याचा हा पुरावा, असं त्यांचं म्हणणं. प्रश्नांची वेळ आली तशा मागच्या रांगेतून व्हर्लीनबाई उठल्या.

"दगड कुणी बसवला, सर?"

"मालकानं. खाली नाव आहे त्याचं."

"मग हे मालकाचं म्हणणं झालं. तिचं काय होतं?"

सभागृहात चुळबूळ झाली. मग बाईंनी आपल्या पणजीची हकीकत सांगितली. मेकनजवळ गोऱ्या मालकांच्या दफनभूमीत, अगदी कुंपणालगत तिचा दगड आहे: 'आमची इमानी हेस्टर'. ही हेस्टर गुलामीत असताना दोनदा पळाली होती. दुसऱ्या खेपेला मागे कुत्री सोडून तिला धरून आणलं. कुत्र्यांनी फाडलेला पाय ती मरेपर्यंत ओढत चालायची. टिब्सांच्या घरात पोराटोरांना हे पाठ होतं. दगडाला तेवढा पत्ता नव्हता.

हॅलवर्सन मनाचे मोठे. सभा संपल्यावर स्वतः मागच्या रांगेपर्यंत आले आणि हे लिहून काढा म्हणाले. बाईंनी लिहिलं आणि अभ्यासकांच्या एका नियतकालिकाकडे धाडलं. त्याच्या संपादकाचा फोन आला.

"मिस टिब्स, लेख भक्कम आहे. पणजीचा घरगुती भाग तेवढा काढू या."

"मूळ उपटून झाड लावणार का तुम्ही?" बाई शांतपणे म्हणाल्या. "छापायचा तर सगळा छापा."

महिनाभर तिकडून काही कळलं नाही. बाईंनीही पाठपुरावा केला नाही. वर्गात क्रियापदं चालवून घेत राहिल्या. अखेर लेख छापून आला तो पणजीसकट. मग कुठून कुठून शिक्षकांची पत्रं येऊ लागली, आपापल्या गावच्या 'इमानी' दगडांवरचा मजकूर उतरवून घेतलेली. निवृत्तीनंतर त्यांतून दुसरा, तिप्पट मोठा लेख उभा राहिला. सर्वांत जास्त दगड जमैकाच्या एका मास्तरीणबाईंनी धाडले होते. व्हर्लीनबाईंनी लेखावर आपल्या नावाआधी त्यांचं नाव घातलं.