सारलेले ताट

चिखलीच्या डॉक्टरांनी एन्डोस्कोपीचा रिपोर्ट बाजूला ठेवला. एन्डोस्कोपी म्हणजे घशातून नळी घालून पोट आतून पाहणे. "अल्सर नाही, गाठ नाही. याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. पोट दिसायला ठीक आहे, पण काम नीट करत नाही. थोडं थोडं खा, तेल-तिखट सोडा. एकदम बरं होणार नाही, सांभाळावं लागेल."

मला रागच आला. वर्षभर दोन घासांत पोट तट्ट फुगत होते, छातीत जळजळ, करपट ढेकर, आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल. नॉर्मल माणसाची कीव कोणी करत नाही.

आमच्या मोताळ्यात कुणाच्याही घरी गेलो की ताट यायचेच. नाही म्हटले तर माणूस रुसणार, खाल्ले तर पोट. शेवटी मी लोकांकडे जाणेच टाळू लागलो.

पण मुलासाठी धामणगाव बढे या गावची मुलगी पाहायला जाणे टाळता येईना. फोटोवरूनच ती त्याच्या मनात भरली होती. बायकोने बजावले, "तिथं पोटाचं काई काढू नका. लोकं म्हनतीन, घरात रोग हाय."

पोहे कसेबसे निभावले. मग पुऱ्या, तर्रीदार वांगे, बुंदी. मुलीचे वडील माझ्याच शेजारी जेवत होते आणि मला आणखी वाढायला सांगत होते. तिसऱ्या पुरीला घशाशी आले. आणखी गिळले असते तर तिथेच उलटी झाली असती. मी ताट सारले.

मुलीच्या घरचे ताट सारले की आमच्याकडे नकार समजतात. पोराचा चेहरा बघवेना.

"पोरगी पसंत नसंन तं तसं सांगा, भाऊ," मुलीचे वडील म्हणाले.

बायकोकडे न बघता मी सगळे सांगून टाकले, नळीसकट.

मुलीच्या वडिलांनीही आपले ताट सारले. "मले बी तेच हाय. तुमी खाऊन राह्यले म्हनून मी गिळून राह्यलो."

आतून आम्हा दोघांसाठी मऊ भात आणि ताक आले.

लग्न झाले. पोट अजून कुरकुरते. जेवणाआधी गोळी, जेवण थोडे, मग एक चक्कर, असे चालले आहे. तुमच्यापैकी कुणी असा अडकला असेल तर पहिल्या घासाआधीच सांगून मोकळे व्हा. वर्षभर मला कुणी कसे वाटते म्हणून विचारले नव्हते. आता व्याह्यांचा फोन आला की ते आधी माझ्या पोटाचे विचारतात, मग लेकीचे.