मासा न खाणारा राखणदार

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, सगळी वस्ती 'रेडिओ' म्हणते. हे नाव पडलं होडीवर. माझे यजमान पुढे जाळं ओढायचे आणि भाऊजी मागे सुकाणू धरून अखंड बोलत असायचे. वारा कुठून येतोय, कोणाच्या सुनेने रागावून चूल विझवली, सगळ्याची खबर. यजमान वैतागायचे, "अरे, मासे पळतील तुझ्या आवाजाने." तर यांचं उत्तर तयार, "दादा, मला ऐकायला तर वर येतात ते. तू फक्त जाळं टाक."

आता ते खडकाच्या टोकावर पत्र्याच्या खोपटात एकटेच राहतात आणि दिवसदिवस कोणाशी बोलत नाहीत. आज सकाळी देवासमोर बसले तर त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे येत राहिला, म्हणून वहीत दुसरं काही लिहवत नाही.

काही वर्षांमागे जाळी रिकामी यायला लागली. मोठ्या बोटी लांबून येऊन समुद्र खरवडून नेतात, हे खरंच. पण खडकामागच्या उथळ पाण्यात, जिथे मासे अंडी घालतात, तिथे बारीक जाळी आम्हीच टाकत होतो, हेही तितकंच खरं. लिलाववाल्या काकूंनी ते तोंडावर सांगितलं. बंदरावर रोज लिलाव पुकारणारी बाई, तिला कोणाची भीड? भर बैठकीत म्हणाल्या, "बोटाएवढी पिल्लं टोपलीत आणता आणि वर म्हणता, काकू, जरा भाव चढवा. पुढच्या वर्षी काय, नुसतं पाणी विकू?"

वस्तीने आपणहून ठरवलं, खडकामागचं पाणी बंद. जाळं नाही, गळ नाही, काही नाही. हद्द कळावी म्हणून रंगवलेले डबे दोरीला बांधून तरंगत सोडले. पण राखण कोण करणार म्हटल्यावर जो तो आपल्या पायांकडे बघायला लागला. तेव्हा भाऊजी उठले. लग्न राहूनच गेलेलं, पाठीमागे कोणी नाही. अटही त्यांनीच घातली. "राखणदाराने कुठल्याच होडीचा मासा घ्यायचा नाही. आज कोणी प्रेमाने दिलेला खाल्ला, तर उद्या त्याची होडी डब्यांच्या आत दिसली तरी माझी जीभ जड होईल. आणि मी स्वतःही गळ टाकणार नाही. मासा आतला की बाहेरचा, कोण बघायला येणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही अभिमान वाटला. ही अट काय आहे ते पुढे हळूहळू कळलं.

आमच्याकडे घराघरांतलं येणं-जाणं माशावर चालतं. कोणी आजारी असलं तर मासा पाठवायचा, भांडण मिटवायचं तर मासा न्यायचा, जाळं भरून आलं तर शेजारी आधी द्यायचा. एखाद्याला मासाच द्यायचा नाही म्हटल्यावर त्याच्या दारात जायला निमित्त उरत नाही. लोक आधी मासे न्यायचे थांबले आणि मग जायचेच थांबले. "रिकाम्या हाताने कसं जायचं?" म्हणायचे. ज्यांच्या होड्या त्यांनी हद्दीतून परत फिरवल्या होत्या, ते तर वाटेत दिसले तरी मान वळवत.

मी डबा घेऊन जात राहिले. भात, भाजी, कधी उकडलेली अंडी. त्यांच्यासाठी पातेलं वेगळं ठेवलंय. "वहिनी, पातेलं तेच ना?" असं ते हसून विचारतात, पण विचारतात. मी निघाले की दारापर्यंत येतात, मग वाटेपर्यंत येतात, मग उगीचच म्हणतात, "पायऱ्या शेवाळल्यात, जपून." शेवाळ नसलं तरी.

देवाच्या कृपेने मासे परतले. डब्यांच्या बाहेरच्या पाण्यात जाळी जड व्हायला लागली. बंदरावर पुन्हा आरडाओरडा, थट्टामस्करी. भाऊजी ते वरून बघायचे.

यंदाच्या बैठकीआधी ते यजमानांना म्हणाले, "दादा, या वेळी मोकळं व्हायचं म्हणतो. सुकाणूची जागा ठेवशील?" यजमान फक्त "हं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सुकाणूजवळची फळी घासूनपुसून रंगवून ठेवली. मी देवाजवळ तेवढंच मागत होते, यंदा यांना घरी येऊ दे.

आणि नेमकी बैठकीच्या दिवशी यजमानांनी घाई केली. सकाळी मोठा लालबुंद मासा लागला. संध्याकाळी भाऊ मोकळा होणारच, मग सकाळ काय आणि संध्याकाळ काय, असा विचार करून त्यांनी तो ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि खोपटाच्या दारात ठेवून आले. भाऊजी तेव्हा होडकं घेऊन डबे तपासायला गेले होते. जाळी सांधणाऱ्या म्हाताऱ्याने ते पाहिलं. दुपारपर्यंत सगळ्या बंदराला खबर.

संध्याकाळी लिलावाच्या छपराखाली बैठक बसली. काकूंनी विचारलं, "रेडिओ आता पुरे झालं म्हणतोय. राखण कोण घेतो?"

एकाची मुलं लहान निघाली, एकाची आई आजारी. एक जण म्हणाला, "काकू, बायको सोडीन, मासा सोडणार नाही." मागून त्याची बायको ओरडली, "आधी घरी तर या!" सगळे हसले आणि पुन्हा आपापल्या पायांकडे बघायला लागले.

तेवढ्यात जाळी सांधणारा म्हणाला, "राखणदाराच्या दारात दादाचा मासा पोचलाय, त्याचं काय?"

मोठ्या होडीचा मालक टपूनच बसला होता. "म्हणजे राखण मोडली. राखणदार नाही, तर डबे कशाला? काढा ते, पाणी खुलं करा."

काकूंचा आवाज उतरला. "खाल्लास का रे?"

मी बायकांमध्ये मागे बसले होते. एक 'हो' म्हटलं की सुटले. बोल लागेल, चार दिवस लोक नाक मुरडतील, पण भाऊजी होडीवर भावाजवळ बसतील, माझ्या स्वयंपाकघरात जेवतील. पाण्याचं मग काय व्हायचं ते होवो. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, म्हणा.

भाऊजींनी यजमानांकडे पाहिलं. यजमान खाली बघत होते.

"मासा दारात होता तसाच आहे," भाऊजी म्हणाले. "मांजराची नजर गेली असेल, माझी नाही. आणि दुसरा कोणी उठेपर्यंत राखण माझ्याकडेच."

काकूंनी लिलावाच्या आवाजात पुन्हा पुकारा केला, "कोण घेतो? बोला, कोण घेतो?" त्या आवाजावर माणसं एरवी उड्या टाकतात. आज कोणी हललं नाही.

बैठक सुटल्यावर भाऊजी गोणपाट घेऊन सगळ्यांदेखत आमच्या होडीपाशी आले. "दादा, हा तुझा."

"फेकून दे."

"फेकू कसा? माझा नाही तो."

दिवसभर उन्हात राहून मासा नासला होता. यजमानांनी तो उचलला, पाण्यात दूरवर भिरकावला आणि भावाकडे न बघता घरी आले. जेवताना एकच वाक्य बोलले, "माझ्या हातचं त्याला चालत नाही." मी समजवायला गेले तर हात धुऊन उठले. या आठवड्यापासून सुकाणूवर माझा भाचा बसतो.

काल मी डबा घेऊन गेले तेव्हा आमची होडी खडकाला वळसा घालत होती. भाऊजी उभे राहून बघत होते. म्हणाले, "पोरगा वळताना घाई करतो, वहिनी. तिथे पाण्याला ओढ आहे. दादाला सांगा."

"तुम्हीच सांगा की! हाकेवर तर आहेत."

त्यांनी मान हलवली. "मी हाक मारली तर त्यांना वाटेल, हद्दीत शिरले म्हणून हटकतोय. इंजिन फिरवून लांब निघून जातील."

मग आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. होडी अगदी जवळून गेली. यजमानांच्या सदऱ्याचं उसवलेलं टोक मला दिसत होतं.