तळव्याखालची नक्षी

सकाळी सहाला क्युपर्टिनो सोडलं तेव्हा गाडीत आम्ही चौघं होतो. माझा मुलगा सागर गाडी चालवत होता, शेजारी नकाशांचे प्रिंटआउट मांडीवर घेऊन सूनबाई पल्लवी, आणि मागे मी व नलिनीताई. नलिनीताई पुण्याच्या. त्यांचा मुलगा सागरच्याच ऑफिसात. तोही येणार होता, पण ऐनवेळी त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याने आईला आमच्याबरोबर धाडलं. २००६ चा एप्रिल होता. मला अमेरिकेत येऊन पाच आठवडे झाले होते. यजमान कोल्हापूरजवळच्या आमच्या गावीच राहिले होते. लग्नसराईचं काम सोडून त्यांना निघवेना.

बेकर्सफील्डच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा लागल्या. झाडं शाळेतल्या मुलांसारखी ओळीत उभी. मी ती बघत होते, तेवढ्यात नलिनीताई म्हणाल्या, “सागर सांगत होता, तुमची लेदर एक्सपोर्टची फॅक्टरी आहे म्हणे!”

मी समोरच्या आरशात पाहिलं. सागरचे डोळे आरशातच होते, ते लगेच रस्त्याकडे वळले.

“हो, आहे थोडंफार,” मी म्हणाले.

खरं म्हणजे आम्ही कोल्हापुरी चपला करतो. सोप्यात (घराच्या पुढच्या खोलीत) बसून. यजमान तळ कापतात आणि शिवतात, मी वेणी घालते. चामड्याच्या बारीक वाद्या (पट्ट्या) एकमेकींत गुंफून चपलेवर जी नक्षी करतात तिला आमच्यात वेणीच म्हणतात. त्या वेण्यांवर सागर इंजिनिअर झाला. त्याच्या थापेचा मला राग आला नाही. पाचवीत असताना दप्तराला चामड्याचा वास येतो म्हणून मुलांनी त्याला मागच्या बाकावर एकटं बसवलं होतं, ते मी विसरलेली नाही. पण त्याच्यासाठी मी खोटं बोलले होते.

पहिला मुक्काम किंगमनला झाला. दुसऱ्या दिवशी फ्लॅगस्टाफला पाइनच्या झाडांखाली बर्फाचे मळके ढीग अजून शिल्लक होते. पुढे उत्तरेला वळलो आणि झाडं संपली. लाल माती, लाल डोंगर, वर निळंभोर आभाळ. मैलच्या मैल माणूस दिसत नव्हतं. मधूनच एखादं घर, चार मेंढ्या आणि एक कुत्रं.

कायेंटा नावाच्या गावात जेवायला थांबलो. हा नवाहो लोकांचा मुलूख. मटणाचा रस्सा आणि त्याबरोबर तळलेली टम्म पोळी असं ताट आलं. पोळी थेट आपल्या भटुऱ्याची बहीण. मटण शिजलं होतं झकास, पण तिखटाचा पत्ता नाही. मी पिशवीतून कांदा-लसणाची चटणी काढली आणि वरून घातली. वाढणारी बाई थांबून बघायला लागली. पल्लवीने तिला चिमूटभर चटणी दिली. तिने चाखली, डोळे पुसले आणि आणखी मागितली. नलिनीताई शाकाहारी. त्यांनी पोळीवर मध घेतला आणि दोन पोळ्या संपवल्या.

त्या खूश होत्या, पण चालत मात्र नव्हत्या. प्रत्येक ठिकाणी “तुम्ही बघून या, मी गाडीत बसते” म्हणायच्या. मुलाने घेऊन दिलेले नवे बूट त्यांना चावत होते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं आहे हे त्या पहिल्यांदा गाडीतून उतरल्या तेव्हाच मला कळलं होतं. आमच्या धंद्यात माणसाच्या तोंडाआधी पायांकडे नजर जाते.

युटामधल्या एका छोट्या गावात मोटेल घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी जीपमधून लाल सुळके बघायला जायचं होतं, पण सकाळी वारा सुटला. अंगणातली वाळू दारांवर सपासप आदळत होती. “टूर कॅन्सल झाली,” सागर फोन ठेवून म्हणाला. पल्लवीचा चेहरा पडला. ह्या ट्रिपचा सगळा बेत तिचा होता. मोटेलच्या मालकाने तिची समजूत काढली आणि जवळच्या एका लहानशा म्युझियमचा रस्ता सांगितला.

म्युझियम म्हणजे मला भांडी आणि हाडं वाटली होती. पहिल्याच काचेत दिसला तो मोराच्या मापाचा एक पक्षी, टर्की, आणि त्याच्या पिसांचं पांघरूण. पिसांच्या पट्ट्या दोरीला गुंडाळून ते विणलेलं. पुढे बियांच्या माळा, आणि दूरच्या समुद्रावरून हातोहात आलेल्या शिंपल्यांचे मणी. हे सगळं ह्याच डोंगरांच्या कपारीत सापडलेलं, कारण कोरड्या हवेत ते कुजलंच नाही. एका काचेत काळ्या दोरीचं भेंडोळं होतं. पल्लवीने पाटी वाचली आणि चकित झाली. “आई, ही दोरी माणसाच्या केसांची आहे! इथल्या जुन्या काळातल्या बायका केस आखूड कापायच्या आणि त्याच्या दोऱ्या वळायच्या. लांब केस पुरुष ठेवायचे, नटायचेही तेच.”

नलिनीताईंचा हात आपसूक अंबाड्याकडे गेला.

“बघा,” पल्लवी स्वतःचे बॉबकट केस उडवत म्हणाली, “मी उगीच बोलणी खाल्ली. ही तर एन्शंट फॅशन आहे!”

आम्ही तिघी मोठ्याने हसलो. आणि हसता हसता मी शेजारच्या काचेपाशी गेले आणि तिथेच थांबले.

आत चपला होत्या. दीड हजार वर्षांपूर्वीच्या. आपल्या घायपातीसारखं युका नावाचं झाड इथे उगवतं, त्याच्या पात्यांच्या दोऱ्याने विणलेल्या. वरच्या बाजूला लाल-काळे पट्टे होते. एक चप्पल उलटी ठेवली होती, कारण तिची खरी नक्षी तळाला होती. बारीक गाठींनी उठवलेले चौकोन आणि नागमोडी रेघा. जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे! मी खाली वाकून पाहिलं. टाचेची बाहेरची कड झिजली होती. जो कोणी ती वापरत होता तो बाहेरच्या अंगावर भार देऊन चालायचा. माझे सासरे असेच चालायचे.

अंगणात, वारा लागणार नाही अशा भिंतीआड, होपी जमातीची एक वयस्कर बाई टेबल मांडून बसली होती. लोरीना तिचं नाव. गळ्यात फिरोजा खड्यांची माळ. तिने युकाचं पातं टोकाकडून सोललं तर टोकाची सुई आणि मागे दोरा, ओवलेलाच! मी पल्लवीकरवी विचारलं, तळाला नक्षी कशासाठी?

“कुणी म्हणतं पाय घसरू नये म्हणून,” लोरीना म्हणाली. “कुणी म्हणतं, मातीत ठसा उमटला की कोण गेलं ते कळावं म्हणून. आपल्याला सगळं कुठे माहीत असतं?”

मग तिने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. तिला जोडवी बघायची होती. मी पाय पुढे केला. तिने जोडव्यांवरून नजर माझ्या चपलेवर नेली आणि तिथेच ठेवली. “ही वेणी कुणी घातली?”

पल्लवीने भाषांतर करायची गरज नव्हती. लोरीनाचं बोट वेणीवरच होतं. सागर माझ्या मागे उभा होता. मी टेबलावरची ओली पाती उचलली, दातांनी टोक चिरून पट्ट्या केल्या आणि खाली बसून वेणी घालायला लागले. पातं चामड्यापेक्षा चिवट, पण हात तेच. वीतभर झाली तेव्हा लोरीनाने ती हातात घेतली, ताणून पाहिली आणि मान हलवली.

“सुमनताई,” नलिनीताई हळूच म्हणाल्या, “तुम्ही स्वतः करता चपला?”

“हो,” मी म्हणाले. “फॅक्टरी वगैरे नाही. मी आणि हे, घरीच बसून करतो. सासूबाईंनी शिकवलं मला.”

सागर जमिनीकडे बघत होता. नलिनीताई वळून गाडीकडे निघाल्या. परतताना त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या. झालं, मी मनात म्हटलं. आता उरलेले दिवस अंतर राखून काढायचे.

संध्याकाळी वारा पडला. आमच्या खोलीचं दार वाजलं. शेजारच्या खोलीतून नलिनीताई आल्या होत्या, अनवाणी.

“आमच्याकडे चपला घेऊन एक भाऊ यायचे,” त्या पलंगाच्या कडेला बसत म्हणाल्या. “अंगणात उभे राहायचे. मी ओट्यावरून पाय पुढे करायचे. इतकी वर्षं आले, पण त्यांना आत या असं मी कधी म्हटलं नाही. सकाळपासून त्यांचं नाव आठवतेय. आठवत नाही हो.”

त्यांना रडू आलं. “मीही उभी राहिलेय अशा अंगणात,” मी म्हणाले. “ओझं घेऊन. पाय दुखायचे.”

त्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, “माझ्या ह्या पायाला बसेल अशी चप्पल होईल का?”

“होईल की. माप घेऊ द्या.”

मी खाली बसले तशी त्यांनी पाय ओढून घेतला. “नको, तुम्ही माझ्या पायाला हात नका लावू. मला कसंतरी होतं.”

“डॉक्टरला लावू देता ना?”

त्या रडता रडता हसल्या आणि पाय पुढे केला. टाच भेगाळलेली, घोट्याला सूज, अंगठ्याचं हाड लालबुंद. मी ते बोटांनी चाचपत होते तेव्हा सागर चहाचे कप घेऊन आत आला. दारातच थबकला. आई दुसऱ्याच्या पायाशी बसलेली बघून त्याच्या कपाळावर आठी आली, ती मी पाहिली. त्याने कप ठेवले. मला वाटलं, आता उठायला सांगेल.

त्याने नकाशाचा एक प्रिंटआउट उलटा केला, जमिनीवर ठेवला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला. “काकू, पाय ह्याच्यावर ठेवा. पूर्ण भार द्या.” खिशातलं पेन काढून तो पावलाभोवती रेघ ओढायला लागला. पेन सरळ उभं, जरासुद्धा आत न कलू देता. लहानपणी त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं तसंच.

“आई, हाडाकडे किती सोडू?”

“दोन सूत, पाव इंच.”

“काकू,” तो मान वर न करता म्हणाला, “एक्सपोर्टचं मी असंच सांगितलं होतं. सॉरी.”

“दुसरा पाय देऊ का?” नलिनीताईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सुळके बघितले. पल्लवीने खूप फोटो काढले. नलिनीताई माझ्या जुन्या चपला घालून तिच्या मागे मागे फिरल्या. मी सागरचे मोजे घालून गाडीत बसले आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

जूनमध्ये मी गावी परतले. नलिनीताईही हिवाळ्यात पुण्याला आल्या. जोड पोस्टाने पाठवते म्हटलं, तर त्या स्वतःच एसटीने आमच्याकडे आल्या. सोप्यात बसल्या, चपला पायात घातल्या, दोन पावलं टाकली. “जरा बघून येते हं,” म्हणून बाहेर पडल्या आणि गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशा झाल्या. अर्धा तास झाला तरी मी दारातच उभी होते.

इतकी वर्षं आम्ही पाय बघितले ते उभे राहिलेले. गिऱ्हाईक चप्पल घालून गेलं की आमचं काम संपायचं. पुढे ते कुठे चाललं, किती चाललं, हे कधी कळलंच नाही. युटात त्या झिजलेल्या टाचेपुढे मी पहिल्यांदा कुणाच्या तरी चालण्याचा विचार केला होता. ती जुनी चप्पल विणणारी बाईही अशीच दारात उभी राहिली असेल का?

“चुकल्या की काय?” यजमान म्हणाले.

“चुकत नाहीत, चालताहेत,” मी म्हणाले आणि चहा दुसऱ्यांदा गरम करायला आत गेले.