चारांत न बसलेली आई

दार्निसच्या टपरीवर लोंतोंग, म्हणजे केळीच्या पानात उकडलेला भात, खायला येणारी माणसं म्हणायची, हिच्या फणसाच्या रश्शाला तोड नाही आणि हिच्या जिभेलाही नाही. पायाकुंबुहच्या बाजाराला निघालेला माणूस तिच्या बाकावर टेकायचा आणि फुकटात दोन शब्द ऐकून घ्यायचा. "काल उधारीवर हाणलंस ते पचलं का रे?" असं तिने सगळ्यांसमोर विचारलं की भलेभले निमूट खिशात हात घालत.

अशी ही बाई एकाच माणसापुढे मान खाली घालायची, ती मामापुढे. त्यात नवल काही नाही. आमच्याकडे घर लेकीचं, शेत आईकडून लेकीकडे जाणारं, पण त्या शेताबद्दल शेवटचा शब्द मामाचा. आणि बाहरूममामा तर कुळाचे दातुक, म्हणजे मानाचं पागोटं बांधलेले प्रमुख. ते पागोटं त्यांच्या डोक्यावर चढलं त्या सोहळ्यापायी कालव्याकाठचं मोठं शेत गहाण पडलं होतं. ते सोडवलं दार्निसने आणि तिच्या आईने, रासुनाने. दोघी वर्षानुवर्षं पहाटे उठून लोंतोंग उकडत राहिल्या. रासुना कधी कुरकुरली नाही. धाकट्या भावाला तिनेच कडेवर घेऊन वाढवलेलं. "बाहरूम आहे ना, मग आपल्याला काय कमी?" म्हणायची.

मग रासुनाचं अर्धं अंग गेलं.

दवाखान्याचं सरकारी कार्डावर भागलं. पण घरी आणल्यावर कूस बदलायला, भरवायला, पुसायला कार्ड कामाचं नाही, तिथे माणूसच लागतं. दार्निसने पलीकडच्या वस्तीतली येल्मी ठेवली. येल्मीचा हात मायेचा. ती रासुनाला उचलून खुर्चीत बसवायची, खिडकीशी न्यायची, "बघा म्हातारे, तुमच्या शेतात बगळे शिरलेत, हाकला," म्हणायची. रासुना अर्ध्या तोंडाने तिला शिव्या घालायची आणि दोघी खूष असायच्या. अशी काही वर्षं गेली. येल्मीचा पगार, डायपर, औषधं यांत टपरीचा गल्ला रिकामा व्हायचा. पेकानबारूला दिलेली लेक जमेल तेवढं पाठवायची. दार्निसच्या बांगड्या गेल्या, मग कानातलं गेलं. येल्मीचा पगार थकला तेव्हा दार्निस मामाकडे गेली, म्हणजे मामीच्या घरी. अंगणात मामाच्या थोरल्याची नवीकोरी प्रवासी गाडी उभी होती. रमजानच्या तोंडावर ती गाडी आली तेव्हा दार्निसनेच आनंदाने लोंतोंगचं पातेलं भरून पाठवलं होतं.

"मामा, कालव्याकाठचं शेत गहाण ठेवू या. आईच्या सेवेसाठी. मागे फेडलं, आताही फेडीन."

मामांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "शेत कशासाठी गहाण पडतं, दार्निस? सांग बघू."

शाळेतल्या पोरीसारखं तिने सांगितलं. घरात मयत पडलं असेल तर. मूळ घराचं छप्पर गळत असेल तर. लेक बिनलग्नाची राहत असेल तर. कुळाला दातुक बसवायचा असेल तर.

"यात आजारी आई कुठे बसते?"

"नाही बसत, मामा."

"मग? ती माझी बहीण नाही का? माझं काळीज तुटत नाही का? पण रीत काही माझ्या घरची नाही वाकवायला. आज तुझ्यासाठी मोडली की उद्या कुणी मोटारसायकलसाठी मोडेल."

आणि दार्निसला ते पटलं! परत येताना तिलाच लाज वाटली, की पिढ्यांच्या शेताला आपण हात घालायला निघालो होतो.

तिने येल्मीला नको म्हणून सांगितलं. "पैशाचं राहू दे ताई, अधूनमधून येईन," असं येल्मी रडत म्हणाली, पण तिलाही घर होतं, तिने बुकिटिंगीला एका खानावळीत काम धरलं. दार्निस टपरी अर्धा वेळच उघडू लागली. त्या अर्ध्या वेळात रासुना ओल्यात पडून राही. पाठीला जखमा झाल्या. खिडकीशी न्यायचं तर एकटीने उचलवेना. "बाहरूम आला का?" रासुना छताकडे बघत विचारायची, आणि दार्निस म्हणायची, "येईल." बकरी ईदला मामा आले, नाकाला रुमाल लावून दुआ पुटपुटले आणि गेले. तो रुमाल दार्निसने न पाहिल्यासारखं केलं.

एका शुक्रवारी पहाटे रासुना गेली.

मामा सगळ्यांच्या आधी आले. रडले, अगदी खरं रडले. मग भाचीला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणाले, "आता शेताचं उरकू. घरात मयत आहे, कुणी बोट दाखवणार नाही. सातव्याला रेडा कापू, दातुकच्या बहिणीला शोभेल असं जेवण घालू. हाजी मुनाफ कागद घेऊन आलेत. घरच्या बाईची सही लागते, तेवढी कर."

"आईला न्हाऊ घालते, मग बघू," दार्निस म्हणाली.

धान्याचे व्यापारी हाजी मुनाफ ओसरीवर बसले होते. माणूस सरळ. तिला बघून उठले. "अल्ला तिला जागा देवो. माझी घाई नाही हो, पोरी. रमजानच्या आधीपासून थांबलोच आहे. शेताच्या गहाणापोटी ठरलेलं अर्धं सोनं तुझ्या मामांना तेव्हाच दिलं. उरलेलं, कारण येईल तेव्हा."

"कारण? कसलं कारण?"

हाजी गडबडले. "म्हणजे... दातुक म्हणाले होते, ताईचे फार दिवस राहिले नाहीत."

म्हणजे ती शेत मागायला गेली तेव्हा ते मामांच्या अंगणात चार चाकांवर उभं होतं. आणि तरी त्यांनी तिच्याकडून चार कारणं वदवून घेतली होती!

दार्निस आत गेली. तिने आईला न्हाऊ घातलं. पाठीच्या एकेका जखमेवरून हलक्या हाताने पाणी सोडलं. मामा दारातून डोकावले, "सही?"

"हात ओले आहेत, मामा."

पुन्हा डोकावले. "नमाज होऊन जाऊ द्या," ती म्हणाली.

मयत मशिदीत गेलं, तिथून कबरस्तानात. माणसं परतली, ओसरीवर कॉफी फिरली. मामांनी कागद तिच्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

"शेत कशासाठी गहाण पडतं, मामा?" दार्निस सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "सांगा बघू."

"ही काय वेळ झाली का?"

"घरात मयत असेल तर. बघा की घरात, कुठे आहे? आत्ताच पुरून आलात ना? छप्पर माझं गळत नाही. लेक नांदते आहे. दातुक तर हा समोर बसलाय. मग यात तुमच्या पोराची गाडी कुठे बसते?"

हाजी मुनाफांनी कागद ओढून घेतला, घडी घातली. "माझं सोनं, दातुक," एवढंच म्हणाले.

गाडी विकली गेली. शेत राहिलं. बाकावर बसून लोक म्हणतात, दार्निसने मामाची बरी जिरवली. ती रस्सा वाढत राहते, त्यांना काही बोलत नाही.

चाळीसाव्याला येल्मी आली. दार्निसने थकलेला पगार तिच्या हातात कोंबला. येल्मी खिडकीपाशी खुर्चीला धरून उभी राहिली. शेत हिरवंगार होतं.

"शेवटी माझी आठवण काढायची का हो?"

"नाही गं. बाहरूम आला का, एवढंच विचारायची," दार्निस म्हणाली. "आणि मी मेली म्हणायचे, येईल."