जिलानीभाईंची तिखट गादी

धर्माबादच्या बाजारात जिलानीभाई येताना दिसले की दुकानदार एकदम कामात असल्यासारखे दिसायला लागत. माणूस भला, बोलणं गोड. पण कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय घ्यायची नाही हा त्यांचा नेम, आणि त्यांची तपासणी म्हणजे दुकानदाराचा अख्खा दिवस. चप्पल घ्यायची तर ती घालून मार्केट यार्डापर्यंत जाऊन येणार. पंखा घ्यायचा तर दुकानातच त्याच्याखाली चटई टाकून आडवे होणार.

"मला बघायला आले होते ना," त्यांच्या बायको आबेदाभाभी सांगायच्या, "तर तीनदा चहा करायला लावला. पहिला चांगला झाला, तो चुकून झाला का हे बघायला दुसरा. दुसरा बी चांगला झाला म्हणून तिसरा."

जिलानीभाईंचा स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो होता. त्यातून ते यार्डातली वाळलेली मिरची नांदेडला, कधी लातूरला पोचवत. घरात दखनी, बाजारात मराठी आणि तेलंगणातून आलेल्या व्यापाऱ्याशी तेलुगू, असं त्यांचं तिन्ही बोलींत सारख्याच वेगानं चालायचं. एकुलती एक मुलगी जिक्रा डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूरच्या हॉस्टेलवर राहायला गेली आणि नवराबायकोच्या लातूरच्या फेऱ्या वाढल्या. तिथल्या एका लॉजवर दोघांना ढेकणांनी असं फोडून काढलं, की सकाळी जिक्रानं विचारलं, "अब्बा, तुम्हाला गोवर निघाला का?"

मग तिनंच मोबाईलवर काही व्हिडिओ दाखवले. परदेशातली म्हातारी माणसं गाडीतच गादी टाकून झोपत होती आणि गाडीतल्याच छोट्या फ्रीजमधून फळं काढून खात होती. जिलानीभाईंनी ते सगळे व्हिडिओ बघितले. मग आपल्या छोट्या हत्तीकडे बघितलं.

"आपून बी गाडीतच झोपायचं. जाता जाता फिरणं बी होईल," ते म्हणाले.

आबेदाभाभींनी दोन अटी घातल्या. "मी जिक्रासाठी दहीबडे नेणार, ते आंबले न्हाई पाहिजेत. आन् मी पत्र्यावर झोपणार न्हाई."

म्हणजे एक गार ठेवायचं काहीतरी हवं आणि एक झोपायचं. जिलानीभाईंना ईदच्या आधीच ईद झाल्यासारखं वाटलं. एकदम दोन वस्तू तपासायला मिळणार होत्या.

फ्रीजसाठी ते नांदेडला वजीराबादच्या बाजारात गेले. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज त्यांनी दुकानाबाहेर आपल्याच गाडीला जोडून घेतला, घरून आणलेली दह्याची वाटी आत ठेवली आणि स्टूल मागवून समोर बसले. दुकानदारानं दोनदा चहा पाजला. दुपारी आपल्या डब्यातली भाकरी दिली. चार वाजता जिलानीभाईंनी दही चाखलं.

"एकदम गार," ते समाधानानं म्हणाले. "देऊन टाका."

दुकानदारानं सुस्कारा सोडला. जिलानीभाई गाडीत बसले, चावी फिरवली, आणि गाडी नुसती खाकरली. दही गार करता करता बॅटरी पार बसली होती. शेवटी दुकानदार, त्याचे दोन नोकर आणि मिक्सर घ्यायला आलेलं एक जोडपं, अशा सगळ्यांनी मिळून छोटा हत्ती भर रस्त्यातून ढकलत नेला. तो सुरू झाल्यावर जिलानीभाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "फ्रीज राहू द्या. तपासलं ते बरं झालं."

दुकानदारानंही मान डोलावली. त्याला बोलायला दम राहिला नव्हता.

मग त्यांनी बर्फ भरायचा जाड प्लास्टिकचा डबा घेतला. त्यावर बसून बघितलं, उभं राहून बघितलं. "बसायला स्टूल बी झालं," असं म्हणत घरी आणला.

झोपायच्या वस्तूनं जास्त छळलं. लोखंडी घडीचा पलंग गाडीत मावला, पण मग मागची फळी लागेना. लग्नातली कापसाची गादी उचलताना जिलानीभाईंची कंबर धरली. शेवटी जिक्रानं हवा भरायची रबरी गादी ऑनलाइन मागवून दिली. तिच्यासोबत पायानं दाबायचा पंप आला. घडी केली तर ती उशीएवढी व्हायची. जिलानीभाई तिच्या प्रेमात पडले. फक्त एकच तपासणी राहिली.

"वजनाची," ते म्हणाले. "त्याला व्यंकटराव पाहिजेत."

व्यंकटराव मुखेडकडचे शेतकरी. मिरची विकायला धर्माबादला यायचे, तिथली दोस्ती. ते ऑटोत बसले की ऑटोवाला दुसरं गिऱ्हाईक घ्यायचा नाही. लातूरला त्यांचे साडू राहत असल्यामुळं ते आनंदानं तयार झाले. देगलूरला गाडीत चढायचं ठरलं.

ऑक्टोबरची हीट होती. जिलानीभाईंनी गाडीचा हौदा दोनदा धुतला, वर ताडपत्री बांधली, डब्यात बर्फ भरला, त्यावर दहीबड्यांचं पातेलं ठेवलं आणि दोघं निघाले. बिलोली यायच्या आधीच गाडी थांबली.

"काय झालं?" आबेदाभाभींनी विचारलं.

"काही न्हाई. गार हाय का बघतो."

ते मागं गेले, झाकण उघडलं, हात घातला, खूश होऊन परत आले. बिलोलीला पुन्हा तेच. बिलोली सोडल्यावर एका पेट्रोल पंपावर डिझेल न घेताच तेच. देगलूरला व्यंकटराव भेटले तेव्हा जिलानीभाईंनी त्यांना आधी डब्यात हात घालायला लावला आणि मग रामराम केला.

"भाभी, बर्फ अर्धा झाला की," व्यंकटराव म्हणाले.

आबेदाभाभी पुढून उतरल्या, मागं हौद्यात चढल्या, डब्याचं झाकण लावलं आणि त्यावर मांडी घालून बसल्या. "आता मी लातूरलाच उठणार," त्या म्हणाल्या. "चलू द्या गाडी."

उदगीरच्या वाटेवर एका मोठ्या चिंचेखाली जेवायला थांबले. सावलीत आधीच शेळ्यांचा एक कळप बसला होता आणि शेळ्यांची मालकीण महादेवी खोडाला टेकून सुपारी कातरत होती. पलीकडं तिचं शेत आणि शेतात खोपटं. तिनं या तिघांकडं, आणि डब्यावर बसूनच जेवणाऱ्या बाईकडं, नीट बघून घेतलं.

जेवण झाल्यावर जिलानीभाईंनी हौद्यात गादी पसरली. पंप तिथंच पत्र्यावर ठेवला आणि दाबायला लागले. हौदा दोनदा धुतला होता खरा, पण बारा वर्षांची मिरची पत्र्याच्या सांध्यासांध्यात बसलेली होती. पंप दाबला की ती धूळ आत ओढली जायची आणि हवेबरोबर गादीत जायची. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. गादी टम्म फुगली. जिलानीभाईंनी तिला बूच लावलं, थोपटलं, आणि व्यंकटरावांना हात केला.

"हळू बसू का?" व्यंकटरावांनी विचारलं.

"हळू कशाला? रोजच्यासारखं बसा."

व्यंकटराव रोजच्यासारखे बसले. बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडालं आणि त्याच्यामागून लालसर हवेचा फवारा निघाला.

पहिले शिंकले जिलानीभाई. मग व्यंकटराव, आणि त्यांच्या प्रत्येक शिंकेसरशी गादीतून आणखी एक फवारा. त्यांना उठायचं होतं, पण शिंका उठू देईनात, आणि ते उठत नाहीत तोवर फवारे थांबेनात. आबेदाभाभींनी ओढणीनं नाक दाबलं, तरी शिंकल्याच, पण डब्यावरून हलल्या नाहीत. मग वारा फिरला आणि शेळ्या सुरू झाल्या. आधी एक बोकड, मग सगळा कळप, कान हलवत, माना झटकत, एकापाठोपाठ एक.

"येनप्पा हे," असं कानडीत म्हणत महादेवी पदरात शिंकत उठली. "तम्मा, काय फवारून राहिलास माझ्या शेळ्यांवर?"

"गादी हाय, अक्का," जिलानीभाई डोळे पुसत म्हणाले. "झोपायची."

"ह्याच्यावर झोपतेत?"

गादी सपाट झाली तेव्हा कुठं शांतता आली. महादेवीनं जवळ येऊन गादीला काठीनं टोचून बघितलं. तिच्या भुईमुगात रोज रानडुकरं शिरत होती. फटाके झाले, पत्रे वाजवून झाले.

"डुकराला लागंल का ही हवा?" तिनं विचारलं.

"तपासून बघावं लागंल," जिलानीभाई मनापासून म्हणाले.

"पंपासकट मला दे. मी तपासते. बदल्यात माझी बाज ने."

खोपटातली बाज आणली. आखूड होती, हौद्यात बरोब्बर बसली, फळीही लागली. व्यंकटराव बसले, ती नुसती कुरकुरली. मग जिलानीभाई स्वतः आडवे झाले. उजव्या कुशीवर तपासलं, डाव्या कुशीवर तपासलं, डोळे मिटून तपासलं. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज यायला लागला.

"झोपला की हा," महादेवी म्हणाली.

"पसंत पडली," आबेदाभाभी म्हणाल्या.

लातूरला पोचेपर्यंत दिवस मावळतीला आला. जिक्रा दोन मैत्रिणींसोबत हॉस्टेलच्या फाटकात उभी होती. आबेदाभाभींनी उठायचा प्रयत्न केला, पण पायाला इतक्या मुंग्या आल्या होत्या की तिघी पोरींनी धरून त्यांना डब्यावरून उपटलं. झाकण उघडलं. खाली बोटभर बर्फ उरला होता आणि दहीबडे गार होते. पोरी बाजेवर ओळीनं बसून खायला लागल्या.

"अम्मी, एवढे गार कसे राहिले?" जिक्रानं तोंडात बडा असतानाच विचारलं.

"मेहनत लागते," आबेदाभाभी पाय चोळत म्हणाल्या.

मुक्काम व्यंकटरावांचे साडू पंचाक्षरी यांच्या दारात, अर्थातच गाडीत. पाहुणे बाहेर झोपणार म्हटल्यावर पंचाक्षरींचं तोंड उतरलं. गल्ली काय म्हणेल, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. जिलानीभाई ऐकेनात, तेव्हा पंचाक्षरी घरातून उशी घेऊन आले आणि यजमान म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन पडले. बाजेवर आबेदाभाभी झोपल्या. जिलानीभाई आणि व्यंकटराव मात्र मच्छर फार झाले म्हणून गुपचूप पंचाक्षरींच्या घरात गेले आणि त्यांच्याच पलंगावर पंख्याखाली गाढ झोपले.

पुढं आठवड्याभरानं महादेवीचा फोन आला. डुकरं येतात, शिंकतात आणि शिंकत शिंकत भुईमूग खाऊन जातात, असं तिनं सांगितलं. तिनं गादी धुवून, थोडीच हवा भरून, खोपटात टाकली होती. आता तिच्यावर करडं उड्या मारतात म्हणे, आणि खाली उतरायला तयार होत नाहीत.

आबेदाभाभींना मात्र गाडीतली झोप फार मानवली. महादेवीची बाज आहेच. आता त्या सहस्रकुंडाचा धबधबा बघायचा म्हणून मागं लागल्या आहेत. जिलानीभाई तयार आहेत. सध्या ते रोज एका दुकानात बसून मच्छरदाण्या बघतात. आतून.